रंगाला विचारावयाचे तीन प्रश्न

रंगांच्या नावांच्या बाबतीत मराठी भाषा मुळीच दरिद्री नाही. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, अबोली, मोतिया, मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, विटकरी अशी कितीतरी नावे आपल्या घराघरांतून सहज उच्चारली जातात, आणि लुगड्यांच्या दुकानात बसलेली गृहिणी ती ज्या सफाईने वापरते ती पाहून एखाद्या चित्रकारानेही थक्क व्हावे. परंतु या नावांत एक उणीव आहे. ती वस्तूंवरून पडलेली असल्यामुळे त्यांच्या योगाने रंग आठवतो. एका रंगाचे दुसऱ्या रंगाशी नाते काय, हे मात्र त्यांवरून कळत नाही. अंजिरी रंग कोणत्या बाजूला सरकवला म्हणजे आमसुली होईल? डाळिंबी आणि विटकरी यांत नेमका फरक कशाचा? या प्रश्नांना आमसूल किंवा वीट उत्तर देऊ शकत नाही.

चित्रकला शिकू लागलेल्या मुलापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या निमित्ताने आपल्याकडील हजारो मुले रंगचक्र काढतात, मूळ रंग व दुय्यम रंग यांची नावे पाठ करतात. पण पुढे प्रत्यक्ष चित्र रंगवताना तबकडीत चार रंग एकत्र येतात, त्यांचा चिखल होतो, आणि मूल निमूटपणे ठरवून टाकते की, आपल्याला रंगांची दृष्टीच नाही. घरातली मंडळीही त्याला दुजोरा देतात. आम्हांला वाटते की, अशा रीतीने सोडून दिलेल्या कुंचल्यांपैकी पुष्कळसे उगाच सोडले गेले आहेत. रंगांची परिभाषा त्या मुलाला उत्तरांसारखी पढवली गेली. वस्तुतः तिचा उपयोग प्रश्नांसारखा करावयाचा असतो. कोणताही रंग समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारावे: तू कोणत्या कुळातला? तू किती उजळ? आणि तू किती प्रखर? पहिल्याचे उत्तर म्हणजे वर्ण, दुसऱ्याचे मूल्य आणि तिसऱ्याचे तीव्रता. बाकीची सारी परिभाषा या तीन शब्दांच्या आधाराने उभी आहे.

प्रथम वर्ण घेऊ. इंग्रजीत ज्याला ह्यू म्हणतात तो हा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा ही वर्णांची नावे. १६६६ च्या सुमारास न्यूटनने अंधाऱ्या खोलीत सूर्याचा एक बारीक झोत घेऊन तो काचेच्या लोलकातून जाऊ दिला, आणि पांढरा दिसणारा प्रकाश अनेक वर्णांच्या प्रकाशांचा मिळून झालेला असतो, हे दाखवून दिले. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने हे वर्ण एका वर्तुळावर मांडले. आज प्रत्येक चित्रकलावहीत असणाऱ्या रंगचक्राचे हे पूर्वरूप होय. त्याने सातच वर्ण मानले याचे कारण मोठे मौजेचे आहे: संगीतातील सात स्वरांशी त्यांचा मेळ बसावा, अशी त्याची इच्छा होती. इंद्रधनुष्यात प्रत्यक्ष कोठेही रेघा आखलेल्या नसतात. एक वर्ण दुसऱ्यात न कळत मिसळत जातो.

या वर्तुळात आणखी एक गंमत आहे. इंद्रधनुष्याला दोन टोके आहेत, एकीकडे तांबडे व दुसरीकडे जांभळे. ती दोन टोके जोडून वर्तुळ पुरे करावयाचे, तर मधली जागा कोणी भरावयाची? ती भरतो आपल्याकडे ज्याला राणी रंग म्हणतात तो आणि त्याचे भाऊबंद. हा रंग कोणत्याही इंद्रधनुष्यात सापडणार नाही. तांबडा आणि निळाजांभळा प्रकाश एकदम डोळ्यांवर पडला, म्हणजे आपली दृष्टीच तो घडवते. तात्पर्य, रंगचक्र ही निसर्गाने आखून दिलेली आकृती नसून निसर्ग आणि डोळा यांच्या भागीदारीतून ती निघालेली आहे.

आता मूळ रंगांचा वाद. शाळेत आपण शिकतो की, तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग. त्यांच्या मिश्रणाने नारिंगी, हिरवा व जांभळा हे दुय्यम रंग होतात. इकडे छापखान्यातला कारागीर सांगतो की, त्याचे मूळ रंग पिवळा, राणी रंगाच्या जवळचा मजेंटा आणि आकाशी वळणाचा सायन हे आहेत, आणि जोडीला काळी शाई. तिकडे दूरदर्शन संच किंवा मोबाइल दुरुस्त करणारा सांगतो की, लाल, हिरवा आणि निळा याच तीन प्रकाशांवर पडद्यावरचे सारे चित्र उभे असते. आणि आपल्या विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र उघडावे, तर तेथे मूळ रंग पाच मानले असून त्यांत पांढरा आणि काळा यांनाही स्थान दिलेले आहे. विद्यार्थ्याने विश्वास ठेवावा कोणावर?

आमचे उत्तर असे की, प्रत्येक जण आपापल्या कामापुरता खरा आहे. प्रकाशात प्रकाश मिळवला की उजेड वाढतो. म्हणून लाल आणि हिरवा प्रकाश एका जागी पाडला असता तो पिवळा दिसतो, आणि तिन्ही मिळून पांढरा होतो. याला बेरजेचे मिश्रण म्हणावे. रंगद्रव्याची गोष्ट याच्या उलट आहे. प्रत्येक रंगद्रव्य आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळून टाकते व उरलेला परत पाठवते. पिवळ्यात निळा मिसळला असता दोघांच्याही तावडीतून जो वाचला तो हिरवा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. हे वजाबाकीचे मिश्रण. जितके रंग अधिक तितकी वजाबाकी अधिक. तबकडीतल्या चिखलाचे पहिले कारण हे. संख्या तीन असण्याचे मूळ मात्र रंगांत नसून आपल्या शरीरात आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. असे काहीतरी असले पाहिजे, हा तर्क टॉमस यंग याने १८०२ साली मांडला होता, आणि पुढील संशोधनाने तो खरा ठरला.

ज्याला हे पडताळून पाहावयाचे असेल, त्याने वर्तमानपत्रातल्या रंगीत चित्रावर भिंग धरावे. हिरव्यागार शेताच्या जागी पिवळे, निळे ठिपके शेजारी शेजारी दिसतील. मोबाइलच्या उजळ पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाकला, तर तोच भिंगाचे काम करतो, आणि पांढऱ्या दिसणाऱ्या जागेत लाल, हिरव्या व निळ्या ठिणग्या दिसतात. असेच मिश्रण विणकरही करतो. पैठणीसारख्या रेशमी वस्त्रात ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घातला, म्हणजे कापड हलेल तसा रंग पालटतो. त्याला आपण धूपछाव म्हणतो. तेथे रंग एकमेकांत कालवलेले नसतात, शेजारी ठेवलेले असतात. जाता जाता एक इशारा. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती तांबडी होते, हे आपल्या स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. पण पिवळ्यात पांढरा मिळवला की तांबडा होतो, असा नियम त्यावरून कोणी काढू नये. तेथे रंगाचे मिश्रण झालेले नसून हळदीतले द्रव्यच बदललेले असते.

दुसरा शब्द मूल्य. इंग्रजीत व्हॅल्यू. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण मूल्य म्हटले की बाजारभाव आठवतो. येथे मूल्य म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या जिन्यावर त्या रंगाची पायरी कितवी, एवढेच समजावयाचे. एखाद्या रंगात पांढरा मिळवून तो वरच्या पायरीवर नेला, तर तो फिका. काळा मिळवून खाली उतरवला, तर गडद. चित्रकलेच्या वर्गात यांनाच टिंट आणि शेड म्हणतात. तांबड्याला पुष्कळ वर नेले की गुलाबी होतो. नारिंगी खाली उतरवला की तपकिरी होतो. इंद्रधनुष्यात तपकिरी रंग का नाही, याचा उलगडा येथे होतो. तपकिरीचे स्वतंत्र कूळ नाही. तो अंधारात उतरलेला नारिंगीच.

विद्यार्थ्याची फसगत सर्वांत जास्त होते ती येथेच. कारण प्रत्येक वर्ण आपले मूल्य जन्मतःच घेऊन येतो. शुद्ध पिवळा हा पांढऱ्याच्या जवळचा, तर शुद्ध जांभळा काळ्याच्या. म्हणून पिवळ्या वस्तूची सावली रंगवताना निव्वळ काळा मिसळला, तर ती शेवाळी हिरवी दिसू लागते आणि आंब्यावर बुरशी आल्याचा भास होतो. तेथे थोडा तांबूस किंवा तपकिरी मिसळून वर्ण सावरावा लागतो. मूल्य ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करून पाहणे. त्याने रंगांचा झगमगाट ओसरतो आणि उजेड-अंधार उरतो. आज मोबाइलने काळेपांढरे छायाचित्र घेऊनही हेच साधते. तांबडे फूल आणि हिरवी पाने रंगांत किती वेगळी! पण काळ्यापांढऱ्या छायाचित्रात पुष्कळदा ती एकच होऊन जातात. चित्र सपाट दिसते अशी तक्रार असली, तर दोष बहुधा वर्णात नसतो, मूल्यात असतो.

गुलमोहर फुललेला असेल, तेव्हा आणखी एक गोष्ट सहज पाहता येईल. भर दुपारी गुलमोहराची फुले पानांपेक्षा उजळ दिसतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास तेच झाड पाहावे. फुले काळपट पडू लागतात आणि पाने मात्र अजून ओळखू येतात. मंद उजेडात डोळ्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी कामाला लागतात, आणि त्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८२५ साली नोंदवून ठेवली. रंगाचे मूल्यदेखील प्रकाशाच्या अधीन असते, ते असे.

तिसरा शब्द तीव्रता. इंग्रजीत क्रोमा. शेंदूर आणि गेरू ही दोन नावे घ्यावीत. दोघांचे कूळ जवळचे, तांबड्या-नारिंगीकडचे. पण शेंदूर लांबूनच हाक मारतो, तर गेरू अंगणाच्या कडेला शांत बसून राहतो. गेरू काहीसा गडद आहे हे खरे, पण तेवढ्याने फरक पुरा होत नाही. शेंदरात काळा मिसळून त्याला गेरूइतका गडद केला, तरी त्याच्या कुळाचा जोर गेरूपेक्षा निराळा राहू शकतो. हा जोर म्हणजेच तीव्रता. ती संपली की उरतो तो केवळ राखाडी. त्या राखाडीला मूल्य असते, वर्ण नसतो.

तीव्रता कमी कशी करावयाची? त्या रंगाचा विरोधी रंग त्यात थोडा थोडा मिळवून. रंगचक्रात जो बरोबर समोर बसतो तो विरोधी, यालाच पूरक असेही म्हणतात: तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. विरोधी रंग एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. हे तत्त्व आपल्या धुणावळीत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. पांढरे धोतर वापरून वापरून पिवळट पडते. त्याला आपण नीळ देतो. निळसर जांभळी झाक त्या पिवळटपणाला मारते आणि धोतर पांढरेशुभ्र वाटते. वास्तविक निळीने धोतरावरून परतणारा प्रकाश किंचित कमीच होतो. म्हणजे मूल्य थोडे घसरले, तीव्रता नाहीशी झाली, आणि डोळ्याने निकाल दिला की, कपडा स्वच्छ झाला! तबकडीतल्या चिखलाचे दुसरे कारणही हेच आहे. नकळत विरोधी रंग एकत्र आले की नीळ आपले काम करून जाते. हेच जाणूनबुजून केले, तर त्याच चिखलातून सावल्यांचे सुरेख राखाडी मिळतात.

वर्ण, मूल्य आणि तीव्रता या तिघांची स्पष्ट फोड करून प्रत्येक रंगाला जणू पत्ता देण्याचे काम अमेरिकेत बोस्टन येथील चित्रकलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी केले. त्यांचे पुस्तक १९०५ साली निघाले. त्यांनी मूल्याचा जिना काळ्याच्या शून्यापासून पांढऱ्याच्या दहापर्यंत मांडला, आणि तीव्रता मध्यापासून बाहेर मोजली. कोणता रंग किती बाहेर जाऊ शकतो, हे प्रत्येकाचे निराळे असल्यामुळे त्यांची आकृती गोल न होता वेड्यावाकड्या झाडासारखी झाली. मुलांना शिकवण्यासाठी काढलेली ही पद्धत आज मृदाशास्त्रज्ञ आणि उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मातीचा रंग नोंदण्यासाठी वापरतात. नुसते तांबूस माती म्हटले, तर दोघांच्या मनांत दोन माती उभ्या राहतील. तीन आकडे लिहिले की वाद मिटतो.

येथपर्यंत एकेका रंगाचा विचार झाला. पण रंग एकटा कधी भेटत नाही, त्याला शेजार असतो. या शेजाराचा कायदा शोधला गेला तो एका कारखान्यातील तक्रारीमुळे. पॅरिस येथे गोबलँ नावाचा चित्रपडदे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तेथील रंगकामाच्या प्रमुखपदी १८२४ साली शेवरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. तेथे काळ्या धाग्याविषयी गाऱ्हाणे होते: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो विणला की निस्तेज दिसतो. शेवरलने इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले, तर कारखान्याच्या रंगाईत काहीच उणे नव्हते. दोष होता शेजाऱ्यांचा. निळ्याजवळ ठेवलेल्या काळ्यावर डोळा आपण होऊन निळ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवत होता. शेजारशेजारचे रंग एकमेकांना परस्परांपासून दूर लोटतात, हा नियम त्याने १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. आज त्याला सहवर्ती विरोध म्हणतात.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. लालभडक कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावे व मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्यावी; तेथे निळसर हिरवा तुकडा तरंगताना दिसेल. किंवा एकाच राखाडी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून एक काळ्या व दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवावा. ते सारखे आहेत, हे माहीत असूनही पहिला उजळ आणि दुसरा गडद वाटेल. अजिंठ्याच्या चित्रकारांजवळ मुख्यतः काव आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा एवढेच रंग होते. काही ठिकाणी त्यांना राजावर्त या रत्नापासून केलेल्या निळ्याची जोड मिळाली. मातीच्या रंगांची तीव्रता बेताचीच. तरीही त्या भिंती उजळलेल्या वाटतात, त्याचे श्रेय शेजार जाणणाऱ्या हाताला आहे. महागड्या नळ्या नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

शेजाराप्रमाणेच प्रकाशही रंगाचा निवाडा बदलतो. दुकानातल्या दिव्याखाली साडीला तंतोतंत जुळलेले पोलक्याचे कापड घरी उन्हात आणल्यावर विजोड ठरते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यात दुकानदाराची लबाडी असतेच असे नाही. दोन कापडांची रंगद्रव्ये निरनिराळी असली, तर एका प्रकाशात ती डोळ्याला सारखी वाटू शकतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी. म्हणून रंग जुळवावयाचे, तर ते दिवसाउजेडी, दारापाशी जाऊन. उष्ण व शीत रंग हे शब्दही असेच सापेक्ष आहेत. तांबडा, नारिंगी, पिवळा यांना उष्ण आणि निळा, हिरवा यांना शीत म्हणण्याची रीत आहे. पण तोच जांभळा निळ्याशेजारी उष्ण वाटतो आणि तांबड्याशेजारी शीत.

आता तिन्ही प्रश्न एकदम लावून पाहू. घाटमाथ्यावर उभे राहून सह्याद्रीच्या रांगा पाहाव्यात. एकामागे एक चार-पाच रांगा दिसतात, आणि झाडी सर्वांवर साधारण सारखीच. परंतु जवळची रांग हिरवी, त्यामागची निळसर हिरवी, त्यापलीकडची निळी. हा वर्णातला बदल झाला. प्रत्येक रांग मागच्यापेक्षा गडद आणि पुढच्यापेक्षा उजळ. हा मूल्यातला बदल. आणि दूर जावे तसा रंगाचा जोर ओसरत जाऊन शेवटची रांग आभाळात विरून जाते, हा तीव्रतेतला. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश हे सारे घडवून आणतो. ज्या मुलाला दूरचा डोंगर नुसता निळा असे सांगितले जाते, ते नळीतला निळा जसाच्या तसा लावते, आणि डोंगर उडी मारून पुढे येतो. त्याला तीन प्रश्न दिले, तर तेच मूल निळ्यात पांढरा घालील, जरासा नारिंगी टाकून त्याचा जोर मारील, आणि डोंगर आपल्या जागी जाऊन बसेल.

तेव्हा पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलाचे चित्र मळकट झाले, तर त्याच्या दृष्टीविषयी निकाल देऊ नये. त्याच्याजवळ बसून विचारावे, हा रंग कोणत्या कुळातला, किती उजळ, किती प्रखर, आणि शेजारी कोण? विद्यार्थ्यांनी रोज एकच वस्तू घ्यावी, आंबा म्हणा, पितळी तांब्या म्हणा, आणि कुंचला हाती घेण्यापूर्वी तिच्या प्रत्येक भागाविषयी ही उत्तरे कागदावर लिहून काढावीत. पंधरा दिवस हा क्रम नेटाने चालवला, तर पूर्वी ज्या सावल्या नुसत्या काळ्या वाटत होत्या, त्यांत रंग दिसू लागतील.